तुम्ही विचारलंत म्हणून: रशियाचं नाव कशाला?

कोल्हापूरच्या महावीर गार्डनमधल्या पोलिश स्तंभापाशी मी शाळेची मुलं नेतो. मागाहून कुणीतरी पालक गाठतोच. "सर, दुसऱ्या महायुद्धात पाच हजार पोलिश माणसांना आपण इथं जवळच वळिवड्यात आसरा दिला, एवढं सांगा की. कुणी कुणाला मारलं ते कशाला? आणि रशिया तर आपला मित्र."

मीही कित्येक वर्षं एवढंच सांगायचो. वर ठोकून द्यायचो, हिटलरच्या तावडीतून सुटून आले म्हणून.

एकदा त्याच स्तंभापाशी एक पोलिश आजी आल्या, वळिवड्याच्या कॅम्पात वाढलेल्या. माझं बोलणं रंगात आलं होतं. नातू त्यांना समजावून देत होता. हिटलरचं नाव ऐकलं आणि आजींनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

आजींचे वडील शाळामास्तर. १९३९ मध्ये राखीव अधिकारी म्हणून बोलावणं आलं आणि सोव्हिएत रशियाच्या कैदेत गेले. कोझेल्स्कच्या छावणीतून पत्रं यायची, ती १९४० च्या वसंतात थांबली. त्याच एप्रिलात आईला आणि या लेकीला मालगाडीत कोंबून कझाकस्तानला नेलं. वडलांना रशियातल्या कातिनच्या जंगलात गोळी घातली होती. वळिवड्यातही टपालवाला दिसला की आई दारात येऊन उभी राहायची.

"हिटलरनं मारलं, असं मॉस्को जवळजवळ पन्नास वर्षं सांगत होतं," आजी म्हणाल्या. "१९९० ला कबूल केलं. तोवर आई गेली होती."

नातू हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता.

माझ्या मनात खोट नव्हती हो. पण स्टालिनच्या सहीचा ५ मार्च १९४० चा हुकूम आहे, सुमारे २२ हजार पोलिश कैदी मारले गेले, त्यांत डॉक्टर होते, मास्तर होते. हे मी कधी शोधलंच नाही, कारण आसरा देणारे आपण आणि मारणारा हिटलर, एवढ्यात माझी गोष्ट पुरी होत होती.

१९७१ मी विसरलेलो नाही. रशियानं तेव्हा साथ दिली, ती खरीच. म्हणून त्या आजींच्या वडलांचा मारेकरी बदलायचा का?

तरी पालकांचंही खोटं नाही. कातिनचं ऐकून पाचवीतल्या एका मुलीनं डबा उघडला नाही. तेव्हापासून आधी वळिवड्याचं सांगतो, जंगलाचं शेवटी. कधी वाटतं, हे उलटं हवं. मागच्या खेपेला जंगलापर्यंत पोचलोच नाही, बस आली.