गिरणीतलं घर

मँचेस्टरला नोकरीसाठी येणारी मराठी मुलं हल्ली मला हमखास विचारतात, अँकोट्स या जुन्या गिरण्यांच्या भागातला लॉफ्ट, म्हणजे गिरणीच्या मजल्यावर केलेला फ्लॅट, भाड्याने घ्यावा का? तेवढ्याच पैशांत नव्या टॉवरमध्ये जिमसकट फ्लॅट मिळतो. मी सांगते, जरूर घ्या. फक्त बघायला जाताना जानेवारीतली संध्याकाळ निवडा आणि कोट काढून अर्धा तास आत बसा.

माझं घर रॉचडेल कालव्याजवळच्या एका सूतगिरणीत तिसऱ्या मजल्यावर आहे. जवळच्या मरेज मिल्समधली सगळ्यांत जुनी इमारत १७९८ची, वाफेच्या इंजिनावर चालणारी. १८०४ मध्ये कालवा पूर्ण झाला आणि माल होड्यांतून गिरण्यांपर्यंत येऊ लागला. इथली दमट हवाही बारीक सुताला मानवायची, धागा कमी तुटायचा.

माझ्या छताला पीओपी नाही, विटांच्या बुटक्या कमानी आहेत, एकीला लागून एक. त्यांचा भार लोखंडी तुळयांवर आणि तुळयांचा ओतीव लोखंडाच्या गोल खांबांवर. जुन्या गिरण्यांच्या लाकडी जमिनीत यंत्रांचं तेल मुरलेलं असायचं, हवेत कापसाचे तंतू, त्यामुळे एक ठिणगी पुरायची. म्हणून लाकूड गेलं आणि लोखंड नि वीट आली. आज जाहिरातीत ज्याला 'कॅरेक्टर' म्हणतात, ते आगीच्या भीतीतून आलंय.

बाबा लालबागच्या चाळीत वाढले. आजोबा तिथल्या कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, त्यांचा डबा पोचवायचं काम बाबांकडे. ते इथे राहायला आले तेव्हा खिडकीतला कालवा बघायच्या आधी खांबापाशी गेले. खांबाच्या वरच्या टोकाला एक सपाट पट्टी आहे, तिच्यात बोल्टची भोकं. मी इतके दिवस ती नुसती बघत होते. बाबांनी बोट लावून सांगितलं, ‘इथे शाफ्ट, म्हणजे यंत्रं चालवणारा फिरता दांडा, लटकवलेला असणार. त्यावरून पट्टे खाली यंत्रांवर यायचे.’ मग ते बराच वेळ आजोबांबद्दल बोलले. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, घरीसुद्धा ते ओरडूनच बोलायचे. मला हे माहीतच नव्हतं. नव्या टॉवरमध्ये ही गोष्ट निघाली नसती, म्हणून मला या भाड्याचं वाईट वाटत नाही.

आता त्रासाचं. इमारत संरक्षित आहे, त्यामुळे लोखंडी चौकटींच्या भल्यामोठ्या खिडक्या परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. काच एकेरी. छत उंच, गरम हवा वर जाते आणि पाय गारठतात. हिवाळ्यात विजेचं बिल घाम फोडतं. स्वयंपाकघराला भिंत नाही, चिमणी हवा बाहेर न टाकता गाळून परत आतच सोडते. हिंगाची फोडणी रात्री उशीवर येते. घर दाखवणाऱ्या एजंटने यातलं काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी लिहितेय.

पैशांचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये २०१९च्या कायद्याने घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, आणि ते ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा व्हायला हवं. तसा कागद मागून घ्या. काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेचा घरावरचा कर, बहुधा वेगळा भरावा लागतो, तो आधीच विचारा.

अँकोट्सच्या गिरण्याही वर्षानुवर्षं ओस पडल्या होत्या, आणि इथल्या कामगारांच्या नातवंडांना हे भाडं परवडत असेल असं मला वाटत नाही. तरी भिंती उभ्या आहेत, खांब जागेवर आहेत. १९८२च्या संपानंतर गिरणगावात बहुतेक ठिकाणी तेवढंही उरलं नाही, जमीन तेवढी उरली आणि तिच्यावर टॉवर आले. आजोबांच्या खात्यातला एखादा खांब बाबांना दाखवता आला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

मी इथेच राहणार आहे. करार वाढवताना घरमालकाकडे खिडक्यांना आतून दुसरी काच लावून मागितली आहे. ती लावताना मूळ चौकटीला धक्का लावावा लागत नाही. तुम्ही घर बघायला गेलात तर सही करण्याआधीच हे लेखी मागा.