पासवर्डची खिडकी कोसळते, मग पॉलकिटच काढून पुन्हा टाकू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला घेतलं. प्रश्न दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येतो. लिनक्सवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला किंवा डिस्कची मांडणी बदलायला जावं, तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी क्षणभर चमकते आणि गडप होते. टर्मिनलमध्ये अ‍ॅडमिनच्या हक्कांनी आज्ञा चालवणारं सुडो मात्र ठणठणीत चालतं. मग पॉलकिट, म्हणजे या परवानग्या सांभाळणारी व्यवस्था, काढून पुन्हा टाकू का?

नको. एकतर ते काढायला गेलात तर त्यावर अवलंबून असलेला डेस्कटॉपचा मोठा भाग सोबत जाईल. पॅकेज मॅनेजर काढायच्या गोष्टींची यादी दाखवतो, पण वैतागलेला माणूस ती वाचत नाही, सरळ 'वाय' दाबतो. आणि दुसरं म्हणजे कोसळलेली वस्तू बहुधा ती नसतेच.

पॉलकिट म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो ते तीन वेगवेगळे प्रोग्राम आहेत. पॉलकिटडी हा डीमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, परवानगी द्यायची की नाही ते ठरवतो. खिडकी कशी काढतात हे त्याला ठाऊकही नसतं. खिडकी दाखवतो तो एजंट. तो तुमच्या सेशनमध्ये, तुमच्याच हक्कांनी चालतो, आणि प्रत्येक डेस्कटॉपचा वेगळा असतो. तिसरा पॉलकिट-एजंट-हेल्पर-१. एजंट पासवर्ड त्याच्या हाती देतो, तो पॅमकडून (सिस्टमच्या पासवर्ड तपासणाऱ्या भागाकडून) तपासून घेतो आणि निकाल डीमनला कळवतो. सुडो या वाटेनं जातच नाही. त्यामुळे 'सुडो चालतंय' यावरून एवढंच कळतं की दुरुस्तीची एक वाट उघडी आहे.

म्हणून आधी मला एकच सांगा: खिडकी कधी गेली? पासवर्ड टाइप करण्याआधी, की एंटर दाबल्यावर? आधीच गेली तर दोष चित्र काढण्यात आहे: थीम, क्यूटी (खिडक्या काढणारी लायब्ररी), ग्राफिक्स. एंटरनंतर खिडकी राहिली आणि पासवर्ड पुन्हा मागितला, तर तो क्रॅश नव्हेच. पॅम किंवा हेल्परकडे बघा. हेल्परवर बहुतेक सिस्टमांत सेटयूआयडी बिट लागतो, म्हणजे कुणीही चालवला तरी तो मालकाच्या हक्कांनी चालेल अशी खूण. फाइलची माहिती दाखवणाऱ्या 'एलएस हायफन एल'मध्ये मालक रूट (म्हणजे अ‍ॅडमिन) आणि परवानग्यांत एक्सच्या जागी एस दिसायला हवा. कुणी यूएसआर फोल्डरवर सरसकट परवानग्या किंवा मालक बदलणारं सीएचमॉड किंवा सीएचओन चालवलं की तो बिट उडतो, आणि हेल्पर 'नीड्स टू बी सेटयूआयडी रूट' म्हणून हात वर करतो. पासवर्ड बरोबर असून 'चुकीचा' ठरतो तो असा.

खिडकी खरंच पडत असेल तर टर्मिनलमध्ये 'पीकेएक्झेक ट्रू' ही आज्ञा (पॉलकिटची परवानगी मागते, बाकी काहीच करत नाही) दोनदा चालवा. पहिल्या वेळी खिडकी आली आणि पडली, आणि दुसऱ्या वेळी पासवर्ड टर्मिनलमध्येच अक्षरांत मागितला गेला, तर निदान झालं: एजंट मेला आहे. सेशनमध्ये नोंदलेला एजंट सापडला नाही की पीकेएक्झेक स्वतःचा साधा, मजकुरी एजंट उभा करतं. ही चाचणी त्याच डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये करा. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून जोडून, केलीत तर खिडकी येणारच नाही, आणि त्यात एजंटचा काही दोष नसेल.

मग 'कोअरडम्पसीटीएल लिस्ट', म्हणजे कोसळलेल्या प्रोग्रामांची यादी. शेवटच्या ओळीत एजंटचं नाव आणि सिग्नल, म्हणजे पडण्याचा प्रकार, दिसेल. ११ म्हणजे मेमरीत भलत्या ठिकाणी हात घातला. ६ म्हणजे प्रोग्रामनं स्वतःहून काम सोडलं, बहुतेकदा डिस्प्ले किंवा प्लगइन न सापडल्यामुळे. त्याहून बोलकं म्हणजे एजंट टर्मिनलमधून, पूर्ण पाथ देऊन, हातानं चालवणं आणि दुसऱ्या टर्मिनलमधून पीकेएक्झेक देणं. पडताना तो काय म्हणाला ते पहिल्या टर्मिनलमध्ये उरतं. सुरू होतानाच त्यानं 'या सब्जेक्टसाठी एजंट आधीच आहे' अशा अर्थाची कुरकुर केली तर जुना अजून जिवंत आहे, आधी तो थांबवा. तो शोधताना पीग्रेपला (चालू प्रोग्राम नावानं शोधणाऱ्या आज्ञेला) 'हायफन एफ' द्या, म्हणजे ती अख्ख्या आज्ञेत शोधेल. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, प्रोसेसच्या नावाची पहिली १५ अक्षरंच ठेवतो, आणि एजंटची नावं त्याहून कितीतरी लांब असतात. अख्खं नाव देऊन शोधायचं, काही मिळत नाही म्हणून 'चालूच नाहीये' असं ठरवायचं आणि दुसरा एजंट सुरू करायचा, हा गोंधळ मी फार वाचला आहे.

आता ज्या प्रकारानं सगळ्यात जास्त लोकांना छळलं आहे त्याकडे येतो. तोच मला सविस्तर सांगायचा आहे, कारण 'काल चालत होतं, मी काहीच केलं नाही' या वाक्याचा उलगडा त्यात आहे. तुम्ही केलं असतं. अपडेट.

केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप घ्या. लॉगिन करताच एजंट सुरू होतो, लायब्ररी मेमरीत घेतो आणि झोपतो. खिडकी अजून बनलेलीच नसते. तिचं क्यूएमएल (खिडकीची मांडणी लिहिलेल्या फाइली), प्लगइन, आयकॉन यातलं बरंचसं पहिल्यांदा पासवर्ड मागायची वेळ येईल तेव्हा डिस्कवरून उचललं जातं. मधल्या वेळात तुम्ही चालू सेशनमध्येच क्यूटी अपडेट केलंत. पॅकेज मॅनेजरनं त्याच नावाखाली नवी फाइल ठेवली. जुनी फाइल नावापुरती गेली, पण एजंटनं धरून ठेवल्यामुळे त्याच्यापुरती जिवंत राहिली. तासाभरानं तुम्ही पासवर्ड लागेल असं काही केलंत. एजंट जागा झाला. इंजिन जुनं, आणि डिस्कवरून येणारे सुटे भाग नवे. कधी एखादं सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) सापडत नाही आणि खिडकी उघडतच नाही. कधी मेमरीतली मांडणी जुळत नाही आणि सिग्नल ११ येतो. पासवर्ड या गोष्टीत कुठेच नाही. पॉलकिटडी तर निवांत बसलेला असतो, एजंट बसवरून (प्रोग्राम आपसात बोलतात त्या वाहिनीवरून) गायब झाल्याची नोंद तेवढी करतो.

हे पडताळता येतं. एजंट पडायच्या आधी, प्रॉक या फोल्डरातल्या त्याच्या प्रोसेस-क्रमांकाच्या फोल्डरात 'मॅप्स' फाइल, म्हणजे त्यानं मेमरीत घेतलेल्या फाइलींची यादी, असते. तीत 'डिलीटेड' शब्द शोधा. लायब्ररींच्या नावापुढे तो दिसला की पुढच्या वेळी काय होणार ते कळलं. पडून गेला असेल तर क्रॅशची वेळ, लॉगिनची वेळ आणि पॅकेज मॅनेजरच्या (डीपीकेजी किंवा पॅकमनच्या) लॉगमधली अपडेटची वेळ शेजारी ठेवा. उपाय एका ओळीचा आहे: 'सिस्टमसीटीएल हायफन हायफन यूझर रीस्टार्ट प्लाझ्मा-पॉलकिट-एजंट'. मशीन बंद करायची गरज नाही. काही डेस्कटॉप अपडेट रीस्टार्टच्या वेळी, ऑफलाइन लावतात त्यामागे हेच कारण आहे. 'विंडोजसारखं झालं' म्हणून ती सोय बंद करणाऱ्यांनी मग मला हा प्रश्न विचारू नये.

एवढं करूनही पडला तर अपडेट अर्धवट आहे का बघा. आर्च लिनक्सवर पॅकेजच्या याद्या ताज्या करून एकच पॅकेज टाकणं ही त्याची ठरलेली वाट. तेही नसेल तर नवा युझर बनवून त्यात लॉगिन करा. तिथे खिडकी नीट आली तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या थीममध्ये किंवा क्यूटीच्या एखाद्या विसरलेल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आहे. ग्नोम या डेस्कटॉपची तऱ्हा वेगळी: तिथे एजंट शेलच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या मुख्य प्रोग्रामच्या, आतच असतो. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीत) तो खरंच कोसळला तर खिडकी नव्हे, अख्खं सेशन जाईल.

दोन गोष्टी करू नका. सगळ्याला 'येस' म्हणणारा नियम रूल्स डॉट डी या पॉलकिटच्या नियमांच्या फोल्डरात टाकू नका. खिडकी पडायची थांबते कारण कुणी काही विचारतच नाही. आणि बग नोंदवताना कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) जोडू नका, फक्त बॅकट्रेस (तेव्हा चालू असलेल्या फंक्शनांची यादी) द्या. एंटरनंतर पडलेल्या एजंटच्या मेमरीत तुमचा पासवर्ड असू शकतो.

माझं जुनं उत्तर 'रीस्टार्ट करून बघा' एवढंच होतं, आणि ते तुम्ही मला ऐकवणार, माहीत आहे. वरचा अपडेटचा प्रकार बघता ते पुष्कळदा बरोबरही ठरलं असणार. पण त्यानं पुरावा पुसला जातो, आणि पुढच्या अपडेटला तोच माणूस तोच प्रश्न घेऊन येतो. उलट, ज्याला आत्ता, या क्षणी प्रिंटर जोडायचा आहे त्याला मी मॅप्स फाइल वाचायला लावतो, हेही काही फार शहाणपणाचं नाही. 'आधी नोंदी बघा' म्हणावं की 'आधी लॉगआउट करा', हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पॉलकिट काढू मात्र नका.