तळ बघून घेतलेली बोट

मंगळवार, मोरहेड सिटी (नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका)

आज सर्व्हे झाला, म्हणजे जुनी बोट विकत घेण्याआधीची तपासणी. बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकत होती आणि सर्व्हेयर छोट्या हातोडीने तिचा तळ नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, ट्रान्समपर्यंत, म्हणजे मागच्या फळीपर्यंत ठोकत गेला. भरीव फायबरग्लासचा आवाज कोरडा, खणखणीत येतो. आत थर सुटले असतील तर तो बसका होतो. तासभर कान देऊन ऐकलं, बसका आवाज कुठेच आला नाही.

वरच्या भागाची यादी मात्र लांबतच गेली. रेलिंगच्या बोल्टांभोवती ओल, एक सीकॉक (तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) जाम, पुढच्या काचा गळक्या आणि वायरिंगमध्ये प्रत्येक मालकाने आपापल्या हौसेच्या रंगाची वायर ओढलेली. मी निवांत ऐकून घेत होतो, त्यामुळे ब्रोकर जरा चक्रावला असावा. यादीतलं सगळं पैसे आणि शनिवार-रविवार खर्चून बदलता येतं. तळ बदलता येत नाही, आणि मी तळच विकत घेत होतो.

बर्ट्राम 31, सत्तरच्या दशकातली. हिच्या जन्माची गोष्ट मला तोंडपाठ आहे. 1958 साली न्यूपोर्टला अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या वेळी डिक बर्ट्रामने रे हंट नावाच्या डिझायनरची एक लहान बोट पाहिली. खवळलेल्या पाण्यातून ती इतकी आरामात पळत होती, की त्याने तशीच मोठी बोट मागवली. लाकडाची ती पहिली बोट ‘मॉपी’, म्हणजे बर्ट्रामच्या बायकोचं लाडकं नाव. 1960 च्या मायामी–नासाउ शर्यतीत समुद्र प्रचंड उसळलेला असताना मॉपी आठ तासांत नासाउला पोचली. बऱ्याच बोटी दुसऱ्या दिवशी आल्या. पुढच्याच वर्षी फायबरग्लासची 31 बाजारात आली आणि ती 1980 च्या दशकापर्यंत बनत राहिली. गुपित सगळं तळात आहे. इतर बोटींचा तळ मागे जाताजाता सपाट होतो, हिचा शेवटपर्यंत 23 अंशांचा ‘व्ही’ राहतो. लाटेवर आपटायच्या ऐवजी ती लाट कापते.

किंमत सर्व्हेनंतर थोडी खाली आली. नव्या सेंटर कन्सोलला (मधोमध सुकाणू असलेल्या उघड्या बोटीला) दोन मोठी आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेली इंजिनं लावायची तर नुसत्या इंजिनांना जे लागतील, तेवढ्यात अख्खी बोट आली. हे गणित मी बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पण ती नवी बोट तरी कुठे घेणार होतात तुम्ही?”

बुधवार, अजून मोरहेड सिटी

दादा नॉरफोकहून आला. माझा आतेभाऊ, मालवणचा, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त. तो आधी इंजिनांवरच्या पेट्या उचलतो, मग माणसांशी बोलतो. या बोटीत इंजिनं मागच्या डेकवरच असतात आणि त्यांच्या पेट्या बसायला वापरतात. मूळची पेट्रोल इंजिनं जाऊन इथे कमिन्सची दोन डिझेल बसली आहेत, सहा सिलिंडरची, 5.9 लिटर.

“ह्यां तर टाटाच्या ट्रकातलां इंजिन रे!” दादा एकदम खूश. बरोबरच आहे, जमशेदपूरला टाटा-कमिन्समध्ये हेच घराणं बनायचं. इथे ते डॉज पिकअपमध्ये असायचं. मी पुण्यात शिकताना रोज कोथरूडच्या कमिन्सच्या फाटकावरून जायचो, तेव्हा त्या फाटकाकडे मान वळवून पाहिल्याचंही आठवत नाही. डिझेलचा हट्ट मात्र माझा होता. इकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून जुन्या बोटींच्या फायबरग्लासच्या टाक्यांचं रेझिन विरघळून इंजिनं बसल्याच्या कहाण्या खूप ऐकल्या आहेत.

सीकॉक बदलल्याशिवाय बोट पाण्यात उतरवायची नाही, ही दादाची अट. तो बदलला, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे, म्हणजे झिंकही नवे लावले.

संध्याकाळी सामान चढवताना जुना मालक निरोप द्यायला आला आणि पिशवीतली केळी बघून त्याचा चेहरा पडला. मासेमारीच्या बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, ही इथली पक्की समजूत. केळी धक्क्यावरच संपवली. केळ्याचे वेफर्स दादाने दाखवलेच नाहीत. रात्री स्पॅनिश मॅकरेल तळलं. ती सुरमईच्याच घराण्यातली, चवीला जरा मऊ. रवा नव्हता, मक्याच्या पिठावर भागवलं.

शुक्रवार ते रविवार, ॲलिगेटर–पुंगो कालवा आणि पुढे

बोट उत्तरेला न्यू जर्सीला न्यायची. पहिला टप्पा, मोरहेड सिटी ते नॉरफोक, आतल्या जलमार्गाने सुमारे 200 मैल. कालवे, नद्या, मध्येच उथळ साउंड, म्हणजे खाडीसारखं पसरलेलं पाणी. उत्तरेकडे जाताना लाल खुणा डावीकडे ठेवायच्या. दादाच्या हाडात मोठ्या बंदरांचे नियम मुरलेले, त्यामुळे दर खुणेला तो माझ्याकडे संशयाने बघतो.

खरं सांगायचं तर सपाट पाण्यात ही बोट वैताग आहे. सावकाश चालवली की नाळ इकडेतिकडे भरकटते. बाजूने वारा लागला की वारा येतो त्याच बाजूला कलते, मग ट्रिम टॅबशी (बोट समतोल ठेवणाऱ्या मागच्या पट्ट्यांशी) खेळत बसा. वेगात गेलं तर गॅलनला मैलभर. मागून आलेल्या एका जाडजूड ट्रॉलरवाल्याने चहाचा कप उंचावून आम्हाला मागे टाकलं.

कालव्यात उजव्या इंजिनाचा तापमानाचा काटा चढू लागला. ते बंद केलं, डाव्यावर हळूहळू पुढे निघालो. दोन्ही काठांना पाण्यात बुडालेली खोडं, त्यामुळे मला सुकाणू सोडता येईना. दादाने समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं झाकण उघडलं. आतलं रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, म्हातारं होऊन कडक झालेलं, आणि एक पाकळी मुळापासून गायब. मी नवीन इंपेलर पुढे केलं तर त्याने हात झटकला. “पाकळी खंय गेली ती आधी सोध.” ती पुढे जाऊन इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकली, तर नवीन इंपेलर घालूनही इंजिन तापणारच. होज काढला, तारेचा आकडा केला, आणि पहिल्याच वळणात ती सापडली: काळी, वाकडी, नखाएवढी. ती जुन्या इंपेलरवर नेमकी जुळते की नाही हे ताडून पाहिल्यावरच दादाने चहा मागितला.

त्यानंतर ॲल्बेमार्ल साउंड सुदैवाने शांत मिळाला, कोइनजॉकला रात्र काढली, ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांमधून) नॉरफोक. वहिनींनी धक्क्यावर डबा आणून दिला. चेसापीकबद्दल लिहायला फारसं नाही. उपसागर लांबच लांब आहे आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या तरंडांमधून वाट काढताना मान दुखते.

सोमवार, केप मे (न्यू जर्सी)

आज पहाटे चेसापीक अँड डेलावेअर कालव्यातून बाहेर पडलो. ओहोटी धरून निघालो, कारण डेलावेअर बेमध्ये उलट्या प्रवाहात दिवस फुकट जातो. पण वारा दक्षिणेचा, अगदी समोरून. ओहोटीचं पाणी खाली निघालेलं आणि वारा त्याला वर ढकलतोय, म्हणजे लाट उंच नसते पण उभी असते, आणि एकीच्या पाठीला दुसरी चिकटलेली. होप क्रीक अणुवीज प्रकल्पाचा कूलिंग टॉवर डावीकडे मागे पडला, तोवर पाणी पांढरं झालं होतं.

मी सवयीने वेग कमी केला. बोट डुचमळायला लागली. दादा केबिनच्या छतावरच्या सुकाणूच्या जागी, म्हणजे फ्लायब्रिजवर, माझ्या शेजारी उभा होता, म्हणाला, “वाढय रे, वाढय!” वाढवला. सोळा नॉट्सला ती उठून बसली आणि इतके दिवस भरकटणारी नाळ एका रेषेत आली. दर लाटेला मी गुडघे वाकवून आपटण्याची वाट बघायचो, आणि आपटणं यायचंच नाही. एक दबका, मऊ धक्का, आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे. ते पंखे वारा सरळ आमच्या तोंडावर आणून टाकत होता. बर्ट्राम कोरडी ठेवत नाही, हे तिचे भक्तही कबूल करतात. शिप जॉन शोलचं दीपगृह गेलं, मग माया मॉलचं. दोघंही मिठाने पांढरे, आणि दादा चक्क गात होता. कोणतं गाणं ते इंजिनांच्या आवाजात कळलं नाही.

खाली उतरलो तर केबिनमध्ये दोन्ही गाद्या चिंब. सर्व्हेच्या यादीतल्या गळक्या काचा.

बुधवार, पॉइंट प्लेझंट

काल बाहेरून, समुद्रातून, मॅनस्क्वान इनलेटमध्ये, म्हणजे समुद्रातून आत यायच्या तोंडात शिरलो. बायको आणि मुलगी धक्क्यावर. नाळेवर दोन्ही बाजूंना मिशीसारखा तपकिरी डाग, कालव्यांतल्या चहासारख्या पाण्याचा. बायकोने तो बघितला, मग ओल्या गाद्या बघितल्या. “धुऊन तरी आणायची होती.” डागाला लिंबाचा रस चालतो. बाटलीभर रस ओतून तिनेच अर्धी नाळ साफ केली, तेवढ्या वेळात नावही ठरवलं. नाव बदललं की दर्या रागावतो, असं सांगून पाहिलं. ती म्हणाली, केळ्याचे वेफर्स चालले ना त्याला?

शनिवारी पुढच्या काचा काढायच्या. चौकटीचं लाकूड किती कुजलंय ते काचा निघाल्यावरच दिसेल. दादाने नॉरफोकला परतताना बसमधूनच मेसेज टाकलाय: दोन इंपेलर मागव, एक नको.