बायकांचा ड्राइव्ह आणि आपला ड्राइव्ह

आज गोल्फच्या सरावाच्या रेंजवर परत तोच विषय, बायकांच्या गोल्फमध्ये काय बघायचं, ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, तर आपल्याएवढाच जातो म्हणे. मला हे ऐकवत नाही हो. एलपीजीएवाल्यांचा (बायकांच्या व्यावसायिक टूरवरच्या खेळाडूंचा) ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, स्विंग स्पीड ताशी ९५ मैलांच्या आसपास, आणि साधारण हौशी पुरुषाचाही जवळपास तेवढाच, ९३ वगैरे, पण त्यांचा बॉल २५० यार्डांच्या पुढे जातो आणि आपला २१५-२२० ला थांबतो. कारण त्यांचा क्लब खालून वर जात असताना बॉलला लागतो, आणि तोही फेसच्या, म्हणजे क्लबच्या मारायच्या बाजूच्या, बरोब्बर मधोमध. आज शेजारी एक कॉलेजची मुलगी मारत होती, तिच्या ड्रायव्हरवर बॉलचे सगळे ठसे पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत!! आमच्या ग्रुपमधल्यांचे हीलपासून टोपर्यंत, फेसच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेले. शिवाय टूरवर १० पैकी ७ फेअरवे (ड्राइव्ह पडायला हवा तो कापलेल्या गवताचा पट्टा) सहज गाठतात त्या. आणि आपली अदिती अशोक घ्या, लांब मारणाऱ्यांच्या कितीतरी मागे राहायचा तिचा ड्राइव्ह, तरी २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक फक्त एका शॉटने हुकलं, काय पटिंग (बॉल हळूच होलमध्ये ढकलणं) केलं होतं पोरीने, कुठे रेकॉर्डिंग मिळालं तर शेवटचा राऊंड बघाच.