स्टोरा कार्ल्सो: कड्यावरची संध्याकाळ

स्वीडनच्या गॉटलँड बेटावर व्हिस्बीची जुनी तटबंदी पाहण्यात आमचे सुरुवातीचे दिवस गेले. परंतु मला लिहायचे आहे ते क्लिंटेहाम्नहून बोटीने गाठलेल्या, जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या स्टोरा कार्ल्सोविषयी, आणि त्यातही तिथल्या एका संध्याकाळीविषयी.

बहुतेक प्रवासी मार्गदर्शकाबरोबर फेरी मारतात, १८८७ सालच्या दीपगृहापाशी छायाचित्रे काढतात आणि त्याच दिवशी परततात. आम्ही मुक्काम केला. खोल्या अगदी साध्या होत्या आणि त्याबद्दल काही सहप्रवासी कुरकुरत होते, पण अशा जागी याहून अधिक सोयी असूच नयेत, असे माझे ठाम मत आहे.

जूनअखेरीस तिथे रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो. चुनखडीच्या कड्यावरील अरुंद कपारींत गिलेमॉट पक्षी एकमेकांना खेटून बसले होते. हे पक्षी घरटे बांधत नाहीत. मादी उघड्या खडकावर एकच अंडे घालते. पिल्लू सुमारे तीन आठवड्यांचे झाले, की पंखांत उडण्याचे बळ येण्यापूर्वीच ते कड्यावरून खाली झेप घेते. आमच्यासमोर एक पिल्लू कितीतरी वेळ काठाशी येऊन मागे सरत होते. खालून बाप सतत हाका मारत होता आणि त्या प्रचंड कलकलाटातही पिल्लाला त्याचा आवाज ओळखू येत होता. अखेर ते झेपावले, इवलेसे पंख फडफडवत गोट्यांवर आपटले, क्षणभर निपचित पडले आणि मग उठून पाण्याकडे धावत सुटले. वर कुरव पक्षी घिरट्या घालत होते. बापलेक पाण्यात एकत्र आले, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. यापुढे कित्येक आठवडे समुद्रात पिल्लाला भरवण्याचे काम बापच करतो.

एकेकाळी शिकारीमुळे आणि अंडी पळवण्यामुळे इथले पक्षी जवळजवळ संपले होते. १८८० मध्ये त्यांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली आणि हळूहळू हे कडे पुन्हा भरले. म्हणूनच, पिल्ले उतरत असताना मोठमोठ्याने बोलत दोरीपलीकडे जाणाऱ्या एका गटाचा मला मनापासून राग आला.

याच दिवसांत जाणार असाल, तर मुक्कामाची खोली खूप आधी राखून ठेवा; दिवसाच्या फेरीचे प्रवासी बोटीने परततात, आणि पिल्ले बहुधा संध्याकाळनंतरच उडी घेतात.