मदतीची मैफल आणि रंगमंचाच्या सहा पायऱ्या

व्हीलचेअर वापरणाऱ्या गायिकेसाठी मदतीची मैफल ठरते, तारीख ठरते, फ्लेक्स लागतो आणि साउंडवाला सामान उतरवायला लागल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की रंगमंचाला सहा पायऱ्या आहेत. मग चार पोरं तिला खुर्चीसकट उचलतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या गाण्याला नसतात. हे टाळायचं तर तारीख घेण्याआधी टेप घेऊन हॉलवर जा.

रॅम्पचं गणित सोपं आहे: १ फूट उंचीला १२ फूट लांबी. रंगमंच ३ फूट उंच असला की ३६ फूट, शिवाय मध्ये थांबायला ५ फूट सपाट जागा. पहिल्या रांगेपुढे एवढी जागा बहुतेक नसतेच. डेकोरेटर ‘दहा फुटांत बसवतो’ म्हणेल, बसवेलही, पण त्या चढावर खुर्ची मागे कलंडते. नेपथ्य ज्या मागच्या दाराने आत जातं तिथे उतार आहे का बघा. नाहीतर सरळ मंगल कार्यालय घ्या आणि १ फुटाची लेव्हल (लाकडी चौथरा) लावा. १२ फुटांत काम होतं. रुंदी ४ फूट, दोन्ही कडांना तीन इंचांची पट्टी. वर गालिचा अजिबात नको, पुढची छोटी चाकं त्यात रुततात. आणि एक बारीक गोष्ट हमखास सुटते: रॅम्प जमिनीला टेकतो तिथे प्लायची पाऊण इंच जाडी तशीच राहते. छोटं चाक तिथेच अडतं आणि माणूस पुढे झोकांडतो. त्या कडेवर पत्रा ठोकून घ्या. स्वच्छतागृहाचं दारही मोजा, मोकळी जागा ३ फूट हवी.

आता बैठक. तबला-पेटीवाले गादीवर आणि गायिका खुर्चीत दीड-दोन फूट वर, असं झालं की सम गाठताना नजरानजर होत नाही. साथीदारांना दीड फुटाची लेव्हल द्या. माइकला बूम स्टँड (आडव्या दांड्याचा) बाजूने घ्या. सरळ स्टँडचा पाया पायटेकणीला आपटतो. वायरी खुर्चीच्या वाटेवरून नकोत.

पैशांचं म्हणाल तर घात पासांनी होतो. समजा ५०० खुर्च्या, तिकीट ३०० रुपये, त्यातले १५० पास वाटले. गल्ला १ लाख ५ हजार. हॉल, साउंड, लाइट, छपाई यांत ६० हजार गेले, तर हातात उरले ४५ हजार. हाउसफुल्लचा बोर्ड लावून! म्हणून खर्च आधी प्रायोजकांकडून उभा करा, पास शून्य. तिकीट ५०० च्या आत ठेवलं तर जीएसटीची भानगड नाही. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच प्रयोगात उभे राहिले, तेव्हा लोकांना दोघांना एकत्र ऐकायचं होतं. आजही कार्यक्रमच तसा असावा. फ्लेक्सवर ‘असहाय’ वगैरे छापून तिकीट खपत नाही, आणि गायिकेलाही ते वाचायचं असतं.

जमलेली रक्कम तिच्या खात्यात थेट टाकू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर पैसे भेट म्हणून आले की सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. नोंदणीकृत न्यासामार्फत जा. लोकांकडून वेगळी वर्गणी गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचंही आधीच बघा. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर २,००० च्या वरची रोख देणगी चालत नाही. यूपीआय घ्या.

मदत नव्या व्हीलचेअरसाठी असेल तर ती न्यासाने दुकानदाराकडून थेट घ्यावी, पण माप झाल्याशिवाय नाही. बैठकीची रुंदी कमरेपेक्षा जेमतेम इंचभर जास्त असावी. सैल खुर्चीत शरीर एका बाजूला कलतं, आणि गाणाऱ्याचा श्वास तिथेच आखडतो. खुर्चीचे काढता येणारे हात आणि दाबव्रण (सतत बसून होणाऱ्या जखमा) टाळणारी गादी किमतीत धरा. इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर बॅटरी बदलण्याचे पैसे न्यासाकडेच बाजूला ठेवायला सांगा, आणि हिशेबाच्या कागदावर ती ओळ वेगळी लिहा.