नाकुरूचा गुलाबी तलाव आता जाहिरातीतच उरला आहे

केवळ फ्लेमिंगोंसाठी केनियातील नाकुरू राष्ट्रीय उद्यानाला जाण्याचा बेत कोणी आखत असेल, तर त्याने तो रद्द करावा. आपल्याकडच्या सहल कंपन्यांची पत्रके असोत किंवा नैरोबीतील एजंटांची संकेतस्थळे, सर्वत्र बबून क्लिफच्या कड्यावरून टिपलेले तेच छायाचित्र झळकते, ज्यात तलावाचा काठ मैलोन्‌मैल गुलाबी झालेला दिसतो. छायाचित्र बनावट नाही, पण ते आजचे नाही, आणि ते छापणाऱ्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक असते. आम्ही त्याच कड्यावर दुर्बिणी लावून उभे राहिलो, तेव्हा खाली करड्या पाण्याचा प्रचंड पसारा होता आणि पलीकडच्या काठाशी काही शे फ्लेमिंगोंची एक फिकट रेघ होती. इतके पक्षी तर हंगामात ऐरोलीच्या खाडीत नावेतून हाताच्या अंतरावर दिसतात, आणि ठाण्याच्या खाडीत जातीही हीच, लहान फ्लेमिंगोची, अधिक असते.

नाकुरूचे दुखणे असे आहे की तलाव आटला नाही, तर फुगला. १९९० च्या दशकाच्या मध्यात जो जवळजवळ कोरडा पडला होता, तो २०१० नंतर असा भरत गेला की उद्यानाचे जुने मुख्य प्रवेशद्वार आणि कार्यालय पाण्याखाली गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाधारित अभ्यासानुसार २००९ ते २०२२ या काळात तलावाचे क्षेत्रफळ ९१ टक्क्यांनी वाढले आणि शेवाळाचे प्रमाण निम्म्यावर आले. यातील दुसरा आकडा पक्ष्यांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. लहान फ्लेमिंगो जगतो तो मुख्यतः आर्थ्रोस्पायरा या सूक्ष्म नीलहरित शेवाळावर, म्हणजे आपल्याकडे औषधांच्या दुकानात स्पिरुलिना म्हणून विकले जाते त्यावर. हे शेवाळ खारट, क्षारयुक्त पाण्यातच दाट माजते. गोडे पाणी मिसळत गेले की ते विरळ होते, आणि मग चोच उलटी बुडवून तासन्‌तास पाणी गाळणाऱ्या पक्ष्याचे पोट भरत नाही. तो उडून दुसरीकडे जातो, एवढीच साधी गोष्ट आहे.

आता उद्यानातल्या रस्त्याविषयी, कारण आमच्या सहलीची सर्वांत वाईट आठवण तीच आहे. तलावाच्या पश्चिम अंगाने जाणारी काठावरची जुनी वाट ठिकठिकाणी पाण्यात गेली असून तिच्या जागी वरच्या झाडीतून काढलेले वळणरस्ते आहेत. आमच्या नकाशावर मात्र जुनीच वाट होती, आणि चालकाच्या मनातही. कोरड्या हवेत हे वळणरस्ते बरे असतीलही, परंतु आदल्या रात्री पाऊस झालेला होता आणि तिथली काळी चिकण माती चाकांना अशी धरते की गाडी पुढे न जाता आडवी सरकू लागते. आमची गाडी छत उघडणारी नेहमीची सफारी व्हॅन होती, चारही चाकांना जोर मिळणारी नव्हे. ती एका खड्ड्यात पोटापर्यंत बसली. उद्यानात गाडीतून खाली उतरण्यास मनाई आहे, बाजूला गव्यासारखे दिसणारे केप म्हशींचे कळप चरत होते, आणि मागून दुसरी गाडी येऊन साखळदंडाने ओढून काढीपर्यंत आम्ही उकडत्या व्हॅनमध्ये काचा लावून बसून राहिलो. उद्यान सायंकाळी सहाला बंद होते, त्यामुळे मकालिया धबधबा आणि दक्षिणेकडचे गवताळ पठार, जिथे गेंडे हमखास दिसतात, हे दोन्ही हुकले. पावसाच्या महिन्यांत, म्हणजे मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, व्हॅनने नाकुरूला जाणे हा निव्वळ मूर्खपणा आहे. लँड क्रूझर घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर पूर्वेकडच्या लॅनेट द्वारातून आत शिरून लायन हिलच्या बाजूनेच फिरावे.

त्या संध्याकाळी सहलवाल्यांकडून आमच्यापुढे खरा हिशेब ठेवण्यात आला. फ्लेमिंगो नाकुरूत नाहीत, ते उत्तरेला बोगोरिया तलावात आहेत, आणि तिथे न्यायचे असेल तर गाडी, इंधन आणि दुसऱ्या अभयारण्याचे शुल्क वेगळे पडेल, असे आम्हाला अगदी सहज सांगण्यात आले. सहलीच्या मूळ पत्रकात ‘फ्लेमिंगो दर्शन’ हे शब्द ठळक छापलेले होते. आमच्याकडून जी जादा रक्कम घेतली गेली, तीत नाकुरू शहरातली एक स्थानिक गाडी चालकासह दोनदा बोगोरियाला जाऊन आली असती, हे दुसऱ्या दिवशी शहरात चौकशी केल्यावर कळले. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच दोन प्रश्न लेखी विचारावेत: फ्लेमिंगो सध्या कोणत्या तलावावर आहेत, आणि तो तलाव ठरलेल्या रकमेत आहे का. टाळाटाळीचे उत्तर आले तर ती सहल सोडून द्यावी.

पाणी का वाढले, यावर मतभेद आहेत. वाढलेला पाऊस हे मुख्य कारण बहुतेक अभ्यासक मानतात. काहीजण भूगर्भातील हालचालींकडेही बोट दाखवतात. परंतु पश्चिमेच्या माऊ डोंगरांवरचे जंगल तुटल्याने पाण्याचा लोंढा आणि गाळ वेगाने खाली येतो, यात फारसे दुमत नाही. २००१ मध्ये माऊ वनातील साठ हजारांहून अधिक हेक्टर जमीन राखीव क्षेत्रातून वगळली गेली, आणि न्जोरो नदी, जी नाकुरूला पाणी पुरवते, ती त्याच डोंगरांतून उगम पावते. उत्तरेला नाकुरू शहर, ज्याला २०२१ मध्ये महानगराचा दर्जा मिळाला, थेट कुंपणाला चिकटले आहे. शहराचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उद्यानाच्या हद्दीतच आहे आणि पावसाळी नाल्यांबरोबर प्लास्टिकही आत येते. चारही बाजूंनी विजेचे कुंपण घातलेले १८८ चौरस किलोमीटरचे हे उद्यान गेंड्यांना चोरट्या शिकाऱ्यांपासून वाचवू शकते, पाण्याला मात्र कुंपण अडवत नाही. १९९० मध्ये केनियातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून आणि २०११ मध्ये बोगोरिया व एलमेंटाइटा या तलावांसह जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या तलावाची ही अवस्था आहे.

असे असूनही पक्षीनिरीक्षकाने नाकुरू पूर्णपणे टाळावे, असे मी म्हणणार नाही. पाण्यात बुडून मेलेल्या पिवळ्या बाभळींचे जे सांगाडे उभे आहेत, त्यांच्याकडे आमचा चालक ‘इथे काही नाही’ म्हणून पाठ फिरवत होता. आम्ही त्याला थांबवले. विष्ठेने पांढऱ्याफटक पडलेल्या फांदीफांदीवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, त्यांच्या काटक्यांच्या घरट्यांतून पिल्ले गळा फुगवून ओरडत होती, आणि बुंध्यांवर पाण्याची जुनी पातळी दाखवणाऱ्या काळपट रेषा एकावर एक उमटलेल्या होत्या. गोड्या होत चाललेल्या पाण्यात मासे वाढले, म्हणून मासेखाऊ पक्षी वाढले: पाणकोळी, मत्स्यगरुड, तिरंदाज. डासांवर उपाय म्हणून मागील शतकाच्या मध्यास येथे तिलापिया मासे सोडले गेले, तेव्हापासूनच पाणकोळ्यांचे थवे येऊ लागले होते. म्हणजे तलाव मेला नाही, त्याचे भाडेकरू बदलले. मात्र माशांमागे माणसेही येतात. चोरटी मासेमारी चालते आणि पाणघोड्यांमुळे ती धोक्याची आहे. संकटग्रस्त यादीतला राखी मुकुटधारी क्रौंच आम्हाला पूर्वेकडील ओलसर गवतात दिसला.

बोगोरियाला पैसे मोजून गेलो, आणि राग असूनही मान्य करावे लागते की ते दृश्य पैशांच्या पलीकडचे होते. तिथे फ्लेमिंगो होते, खरोखर हजारोंनी, आणि गोड्या झऱ्यांच्या मुखाशी पाणी पिण्यासाठी त्यांची अक्षरशः रेटारेटी चालली होती. पण बोगोरियाही वाढतो आहे. काठावरचे काही उष्ण झरे पाण्याखाली जाऊन आता फक्त बुडबुडे दिसतात, आणि उत्तरेकडच्या गोड्या बारिंगो तलावाचे पाणी पुढे सरकून एके दिवशी याच्यात मिसळेल, ही भीती तिथे उघडपणे बोलली जाते. तसे झाले तर पक्ष्यांना राहिलेले आसरे मोजकेच. पूर्व आफ्रिकेतील लहान फ्लेमिंगोंचे खात्रीचे प्रजननस्थळ तर एकच, टांझानियातील नेट्रॉन तलाव. तिथे सोडा ॲशचा (काच, साबण यांसाठी लागणाऱ्या क्षाराचा) कारखाना काढण्याच्या प्रस्तावात आपल्या मुंबईची टाटा केमिकल्स भागीदार होती. जगभरातून विरोध झाल्यावर २००८ मध्ये तिने अंग काढून घेतले.



ज्यांना जायचेच आहे, त्यांनी मुक्काम नाकुरू शहरात न ठेवता एलमेंटाइटाच्या आसपास ठेवावा; नाकुरू आणि बोगोरिया दोन्हीकडे एकेक पूर्ण दिवस लागतो, आणि बोगोरिया खोलगट भागात असल्याने पहाटेच निघावे, दुपारी तिथे उभे राहवत नाही. नाकुरूच्या प्रवेशद्वारावर रोख रक्कम घेतली जात नाही, शुल्क सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन भरावे लागते, आणि ‘आम्ही भरून देतो’ म्हणणाऱ्यांकडून पावती मागितल्यास रकमेतला फरक लगेच उघड होतो. एकदा वापरून टाकण्याच्या प्लास्टिक बाटल्यांना २०२० पासून उद्यानांत बंदी आहे, तेव्हा स्टीलची बाटली न्यावी. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण तिचे प्रमाणपत्र परतताना आपल्या विमानतळावर मागितले जाते. दुर्बीण साधी असून चालेल, पण स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, असेल तर तो नक्की न्यावा: नाकुरूत पाणी इतके दूरवर पसरले आहे की साध्या दुर्बिणीतून लहान आणि मोठा फ्लेमिंगो या दोन जाती वेगळ्या ओळखणे आम्हाला जमले नाही.